एका एकराचं औषध

२०१८ च्या खरिपात मी एका औषध कंपनीत फिरतीवर होतो. भाग यवतमाळ जिल्ह्यातला, पीक कपाशी. कंपनीने त्या वर्षी आम्हाला मोबाईलवर नकाशा दिला. शेताच्या बांधावरून एक चक्कर मारली की उपग्रहाच्या चित्रावर शेताची आकृती उमटायची आणि खाली क्षेत्र यायचं. कुठे बोंडअळी, कुठे तुडतुडे, तेही भरायचं. त्यावरून कोणत्या दुकानात किती माल पाठवायचा ते वरचे ठरवणार. मला बांधावरून फिरताना पाहून लोक म्हणायचे, "तलाठ्याचा माणूस आला वाट्टे मोजाले."

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर दोन हेक्टर होते, म्हणजे जवळपास पाच एकर. चक्कर मारली तर १.६ हेक्टर. चार एकरही पुरते भरेनात.

"तुहा मोबाईल बिघडला," बाबाजी म्हणाले.

झाडांखाली जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकतं, म्हणून पुन्हा फिरलो. आकडा तोच. मग त्यांना वरून दिसणारं शेत दाखवलं. नाला बांध खात चांगला पंधरा पावलं आत आला होता. एका कोपऱ्यात गोट्यांचा ढीग, विहीर, बैलगाडीची वाट.

बाबाजी बांधावर बसले. जमिनीचं त्यांना नवल वाटलं नाही, नाला त्यांनी जन्मभर पाहिला होता. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग पोरा, मी दरसाल पाच एकराचं औषध आणतो. एका एकराचं जाते कोठी?"

आणलेलं औषध कोणी ठेवून देत नाही. पंधरा लिटरच्या पंपात झाकणभर जास्त पडतं, नाहीतर त्याच तासांवरून दुसऱ्यांदा फवारा फिरतो. आदल्याच वर्षी, २०१७ ला, याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले होते, शेकडो दवाखान्यात पडले होते. बाबाजींचा सालदारही चार दिवस सलाईनवर होता. तो मागेच उभा होता. हळूच म्हणाला, "माह्या आंगावर जाते, बाबाजी."

मी १.६ भरलं. त्या गावातली आणि शेजारच्या गावातली सगळी शेतं फिरून भरली. दिवाळीआधीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर तीच दोन गावं दाखवली. "इथली मागणी कमी कशी? सातबारा पाहून भरा. नकाशा माल वाढवायला दिलाय, कमी करायला नाही."

घरी हप्ते होते. उरलेली गावं मी सातबारा पाहूनच भरली.

पुढच्या हंगामात बाबाजी कृषी केंद्रात भेटले. दुकानदाराने नेहमीसारखं पाच एकराचं काढून ठेवलं. बाबाजींनी एक बाटली मागे सरकवली. "चार एकराचंच दे. मोजेल हाय." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "या पोरानं मोजून देल्लं."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी खाली मान घालून बिलबुक चाळत राहिलो.