चौथा कॅनल

दंतवैद्यकाची पदवी हाती पडल्यावर विशेषज्ञतेच्या मागे लगेच लागावे, की चार-दोन वर्षे खुर्चीपाशी घालवून मग लागावे, या प्रश्नावर मत देण्याची सनद माझ्यासारख्या एमडीएस न केलेल्या माणसापाशी नाही, हे मी आधीच कबूल करतो. तरीही गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात काम करणाऱ्या तरुण सहायिकेने, "सर, यंदाच नीटचा फॉर्म भरू का?" असे विचारले, आणि त्याच सुमारास नेत्रवैद्याने माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढवला, तेव्हापासून तो प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही, आणि कोठूनही सुरुवात केली तरी वरच्या पहिल्या दाढेपाशीच येऊन अडतो.

त्या दाढेच्या मेझिओबकल, म्हणजे पुढच्या गालाकडील, मुळात बहुधा दुसरा, म्हणजे दाढेतला एकंदर चौथा, कॅनल असतो, ही काही नवी वार्ता नाही. दातांच्या पोकळीत रबर भरून ठसे घेणाऱ्या वॉल्टर हेसचा ग्रंथ इंग्रजीत 1925 साली आला, आणि 1969 मध्ये वाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी ही मुळे उघडून पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुळांत दोन कॅनल निघाले. परंतु आमच्या विद्यार्थिदशेत तीन भरले की जर्नलावर सही होई, चौथ्याची चौकशी कोणी करीत नसे. स्वतंत्र दवाखाना थाटल्यावर, एक्स-रेत निर्दोष दिसणारी दाढ गरम चहाने ठणकते म्हणून रुग्ण परत येऊ लागले, तेव्हा त्या चौथ्याने माझा ताबा घेतला. सरळ घेतलेल्या चित्रात तो पहिल्याच्या आड दडतो. ट्यूब किंचित तिरकी धरावी तेव्हा कोठे संशय येतो.

आरशात पाहत, उलटा हात चालवीत, पहिल्या कॅनलापासून टाळूकडच्या कॅनलाकडे, पण त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा पुढे शोध घेत जावे, तेथे पांढुरक्या डेंटिनचा ओठ आडवा आलेला असतो. डीजी-सोळा एक्सप्लोररचे टोक एका जागी हलकेच अडकते, श्वास रोखून आठ नंबरची फाइल घालावी, तर 0.08 मिलिमीटर टोकाची ती काडी एक-दोन मिलिमीटर जाते आणि थांबते. कॅनल तेथे संपलेला नसतो. तो आरंभी पुढच्या बाजूस झुकून मग वळतो, म्हणून टोक भिंतीवर आदळते. तो ओठ अल्ट्रासोनिकने कणाकणाने उतरवावा लागतो. किती उतरवावा? कमी उतरवला तर फाइल वळत नाही, जास्त उतरवला तर मुळाला भोक पडते. आणि या दोहोंमधले अंतर माझ्या बोटांना उमजेल अशा भाषेत कोणत्याही पुस्तकात लिहिलेले मला आढळले नाही. हायपोक्लोराइट सोडून, एखादा बुडबुडा कोठून उठतो का, हे पाहत मी बसलो आहे आणि बाहेर रुग्ण ताटकळले आहेत, असे कितीदा तरी झाले.

पदवी घेतल्याबरोबर एमडीएसला गेलो असतो, तर मायक्रोस्कोपखाली कोणी तरी तो चौथा कॅनल मला पहिल्याच महिन्यात दाखवला असता आणि मी तो पाहून पुढे चालू लागलो असतो. त्याने माझी झोप उडवली त्या काळात गेलो असतो, तर तीन वर्षे त्याच्याच दाराशी मुक्काम ठोकला असता. पण त्या काळात कर्जाचे हप्ते होते, वडिलांचे आजारपण होते, आणि अभ्यासही विसरला होता. 2017 पासून तर देशभर नीट ही एकच परीक्षा झाली: तीन तासांत 240 प्रश्न, त्यांत जैवरसायनापासून सारे काही, इंटर्नशिप संपवून ताज्या निघालेल्या मुलांना ते तोंडपाठ असते, दहा वर्षे दाढा उकरणाऱ्याला नसते. पुढे नऊ शाखांपैकी कोणती मिळणार, हेही बहुतेकांच्या बाबतीत आवड ठरवीत नाही, रँक ठरवते. अशा रीतीने एंडोडॉन्टिस्ट झालेले काही गृहस्थ बॅग घेऊन गावोगावच्या दवाखान्यांत फिरतात आणि अर्ध्या तासात, एकाच बैठकीत, दाढ 'करून' देतात. त्यांच्यापैकी एकाने सोडलेला चौथा कॅनल एकदा मला सापडला. तो एक्स-रे मी रात्री अकरा वाजता विभागप्रमुख झालेल्या वर्गमित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली 'सहज' असे लिहिले. त्यात सहज काहीही नव्हते. नुसते 'बीडीएस' लिहिलेली माझी पाटी रस्त्यावरच्या इतर सर्व पाट्यांहून मोठी आहे, हेही लोकांच्या ध्यानात आले असेलच.

सहायिकेला मी म्हणालो, "थांब. दोन वर्षं हात बसू दे, एखादी अडचण तुझ्या मानगुटीवर बसू दे, मग जा." सल्ला मला आजही योग्य वाटतो, मात्र मला लूप लावूनही जे दिसत नाही ते तिच्या पंचविशीच्या डोळ्यांना नुसते दिसते, आणि संध्याकाळच्या वेळी चौथ्याचे तोंड दिसताच "सर, हा बघा" म्हणून ती हाक मारते, तेव्हा त्या सल्ल्यात तिचे हित किती आणि माझी सोय किती, याचा जमाखर्च मी अद्याप मांडलेला नाही. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि फॉर्म भरला. रँक उत्तम आली. ती एंडोच घेणार असे गृहीत धरून मी तिला द्यावयाच्या पुस्तकांची थप्पीही बाजूला काढून ठेवली होती.

"ऑर्थो, सर," ती म्हणाली. "दाढ उकरत बसायला मला कधीच आवडलं नाही."

तेव्हा आता बॅग घेऊन फिरणाऱ्यांपैकीच एखाद्याचा नंबर मागून आणावा लागणार, आणि तो जो मेहनताना फर्मावील तो मुकाट्याने मोजावा लागणार. अट मी एकच घालणार आहे: वरची पहिली दाढ असेल तेव्हा चौथा सापडेपर्यंत मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहीन.