‘देणे’ या क्रियापदाविषयी

वर्गात क्रियापदे शिकवताना एका वाक्यापाशी आम्ही नेहमी थांबतो : ‘डॉक्टरांनी औषध दिले.’ वास्तविक डॉक्टर ते लिहून देतात; सुई टोचते ती परिचारिका. भाषा हा भेद पुसते, नियम तो जपतो. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील खेड्यांत उपकेंद्रावर भेटते ती नर्सबाई. तिथे हा प्रश्न व्याकरणापुरता उरत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना शिकवून जंतुसंसर्ग झालेल्या नवजातांसाठी जेंटामायसिनची सुई त्यांच्या हाती दिली. ३९ गावांत नवजात-मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित परिचारिकेला विशिष्ट परिस्थितीत हेच इंजेक्शन देण्याची मुभा केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेने दिली, ती २०१४ मध्ये.

नियमाचा धाक अनाठायी नाही. मात्रा चुकली तर हे औषध मूत्रपिंडाला व कानांना अपाय करू शकते. म्हणूनच प्रशिक्षण, वजनावरून ठरणारी मात्रा, नोंद आणि देखरेख हवीच. पण एवढे सारे असतानाही केवळ पदवी नाही म्हणून हात आखडावा काय? मधली पंधरा वर्षे आम्हाला हेच विचारतात.