मोबाईल स्टार्टर घरीच बसवला

विहिरीवरच्या साडेसात एचपी मोटरीला परवा मोबाईल स्टार्टर मीच बसवला. रात्रीच्या लाईटीला उसात जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती, त्यात मागच्या साली केबल कापून नेलेली. म्हणून लाईट गेली की कॉल करणारं यंत्र घेतलं.

आधी फ्यूज काढून खिशात घातले, टेस्टर लावून बघितला. चालूच्या दोन वायरी हिरव्या बटणाला समांतर, बंदच्या दोन लाल बटणाच्या सिरीजमध्ये. मी शहाण्यानं दोन्ही समांतर जोडल्या. फोनवरून मोटर चालू व्हायची, बंद काही होईना! अर्धा दिवस गेला त्यात.

पण खरी चूक दुसऱ्या दिवशी झाली. लाईट नव्हती म्हणून पोरगं ग्लँडची दोरी बदलायला बसलं. ऑटो मोड चालूच, फ्यूज जागेवर. लाईट आली, यंत्रानं आपला वेळ मोजला अन् मोटर फिरली. पोरगं पाना घ्यायला उठलं होतं म्हणून हात वाचला. मला बराच वेळ बोलता येईना.

आता पेटीच्या दारावर रंगानं लिहिलंय, "ऑटो बंद कर, फ्यूज काढ, मग हात लाव." वाटेकऱ्यालाही दोनदा करून दाखवलं. ड्राय रनचं सेटिंग अजून राहिलंय, ते विहीर भरलेली असताना करणार.