कमरेला रिव्हॉल्व्हर लावण्याआधी

चि. मुक्तास,



नाशिकच्या अकादमीतून तू फौजदार होऊन बाहेर पडलीस. पेढे वाटून झाले, फोटो गावभर फिरले. आता या निवृत्त हवालदाराचं थोडं ऐक. तू साहेब झालीस तरी मामा मामाच!

तुझ्या आईला एकच भीती वाटते, तुला कुणी मारेल याची. मला दुसरीही वाटते. तुझ्या हातून कुणी मरेल आणि लोक टाळ्या वाजवतील, याची.

आईची भीती खोटी नाही. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. त्यात आपले १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. पण पोलीस लाइनीत आयुष्य काढून सांगतो, गोळीपेक्षा रक्तदाब आणि मधुमेह जास्त जणांना गाठतात. बारा-बारा तासांची ड्युटी, त्यावर बंदोबस्त, रद्द झालेली साप्ताहिक सुटी. मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग देवनार ठाण्यात सुरू झाला, तोही २०१६ मध्ये. चार रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातात भरलेलं हत्यार असणं हाही धोकाच, त्याला आणि समोरच्यालाही.

आता माझी भीती. २६/११ च्या रात्रीची गिरगाव चौपाटीची नाकाबंदी आठव. तुकाराम ओंबळे, सहायक फौजदार, हातात फक्त लाठी. गाडीतून गोळीबार झाला, पोलिसांनीही गोळ्या झाडल्या, एक अतिरेकी ठार झाला. ती गोळी कायद्यात पूर्ण बसणारी होती. दुसऱ्याच्या एके-४७ ची नळी ओंबळ्यांनी धरली आणि अंगावर गोळ्या घेऊनही सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. त्याला तिथेच संपवलं असतं तर कुणी जाब विचारला असता? पण तो जगला म्हणून कट रचणाऱ्यांचा माग लागला, खटला चालला आणि २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली ती न्यायालयाच्या हुकमाने. आपल्या खात्याचं मोठेपण मला त्या रात्रीत दिसतं.

याउलट हैदराबाद. डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या आरोपातले चौघे पहाटे चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे आपल्या न्या. विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने चौकशी केली. गोळ्या जीव घेण्याच्याच हेतूने झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, असं त्यांनी लिहिलं. चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, हाही त्यांचाच निष्कर्ष. फुलं उधळणारे तेव्हा कुठे होते?

मुंबईचंच बघ. २००६ मध्ये लखनभय्या नावाच्या कथित गुंडाला पोलिसांनी वाशीतून उचललं आणि वर्सोव्याला चकमक दाखवली. त्याच्या वकील भावाने त्याआधीच वरिष्ठांना तारा धाडल्या होत्या. त्या तारा पुराव्यात उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली. त्यातले कितीतरी शिपाई-हवालदार. हुकूम वरून येतो आणि बिल्ला खालच्याचा उतरतो, हे लक्षात ठेव.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला गोळी झाडण्याचा हक्क कायदा तुला देतोच, पण तो तुझ्या वर्दीचा नाही, कुणाही नागरिकाचा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घालून दिलेले नियम पाठ कर. खबर मिळाली की लेखी नोंद. चकमकीत माणूस मेला की गुन्हा दाखल, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, शिवाय दंडाधिकाऱ्यांची चौकशी. आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. हे नियम पोलिसांविरुद्ध आहेत असं ठाण्यात ऐकशील. जिने खरंच जीव वाचवायला गोळी झाडली, तिला याच नोंदी वाचवतात.

म्हणून एवढंच कर. बुलेटप्रूफ जॅकेट जड असलं तरी घाल. सुटी हक्काने माग, आणि तुझ्या शिपायांनाही दे. कुणी ‘याचा निकाल लाव’ असं तोंडी सुचवलं तर तारीख-वेळेसह स्टेशन डायरीत नोंद कर आणि मगच पाऊल उचल. शाबासकी तोंडी असते, मुक्ता. खटला लेखी चालतो.

रात्रपाळी संपली की आईला फोन करत जा.

तुझा,
मामा