नसलेल्या साम्राज्याची गोष्ट

घरात सत्यनारायणाची पूजा असली, की गुरुजी आधी संकल्प सांगतात. आपण हातावर पळीभर पाणी घेऊन बसलेले असतो आणि गुरुजी भराभरा जे म्हणत असतात, त्यात ‘श्वेतवाराहकल्पे’ असा एक शब्द येतो. आठवतोय? कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. माणसांच्या हिशेबात तब्बल ४३२ कोटी वर्षं! एवढासा शब्द, पण त्याच्या पोटात केवढा काळ मावलाय बघा.

हाच शब्द मला एकदा एका परदेशी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भेटला. पुस्तकाचं नाव ‘काल्पा इम्पेरिआल’. मूळ भाषा स्पॅनिश आणि लेखिका अर्जेंटिनाची. मी वाचलं ते त्याचं इंग्रजी भाषांतर. आत एका साम्राज्याच्या गोष्टी होत्या. साम्राज्य इतकं जुनं, की ते किती वेळा बुडालं आणि किती वेळा पुन्हा उभं राहिलं याची गणतीच नाही. आणि गंमत म्हणजे, हे साम्राज्य पृथ्वीच्या पाठीवर कधीच नव्हतं!

ते उभं करणाऱ्या बाईंचं नाव आंखेलिका गोरोदिशेर. जीभ अडखळते ना? माझीही अडखळली होती. दोनतीनदा मोठ्यानं म्हणा, मग जमतं.

आंखेलिकाबाईंचा जन्म १९२८ साली ब्वेनोस आइरेसला झाला. पण त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं ते रोसारिओ शहरात. पाराना नावाच्या अफाट नदीच्या काठावरचं हे शहर. तुमच्यातल्या फुटबॉलवाल्यांचे कान आता टवकारले असतील, कारण लिओनेल मेस्सीचं जन्मगाव हेच! पण आंखेलिकाबाईंनी पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा मेस्सीचा जन्म व्हायला अजून बावीस वर्षं होती. ते साल १९६५. बाईंचं वय पस्तिशीच्या पुढे, घरात नवरा आणि तीन मुलं, शिवाय ग्रंथपालाची नोकरी. म्हणजे अगदी तुमच्या-आमच्या घरातल्या एखाद्या आईसारखं किंवा मावशीसारखं धावपळीचं आयुष्य. त्या धावपळीतून वेळ काढून त्या लिहीत राहिल्या.

१९७९ मध्ये त्यांचं ‘त्राफाल्गार’ नावाचं पुस्तक आलं. त्राफाल्गार मेद्रानो हा त्यातला नायक. नायक म्हटल्यावर हातात किरणांची बंदूक आणि अंगात चकचकीत पोशाख, असं काही डोळ्यांपुढे आणू नका हं! हा बाबा चक्क व्यापारी आहे. या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर नेऊन विकतो. त्याच्या अवकाशयानाला तो स्वतःच खटारा म्हणतो. आणि फेरी आटोपली, की रोसारिओला परत येऊन आपल्या नेहमीच्या कॅफेत बसतो, कपामागून कप कडक कॉफी पितो आणि मित्रांना सांगतो, “परवा मी कुठं गेलो होतो माहितेय?”

मग ऐका त्याचे एकेक किस्से. एका ग्रहावर रोज सकाळी उठावं तर नवाच काळ! आज अमुक शतक, तर उद्या भलतंच. दुसरीकडे त्याला हुबेहूब आपल्यासारखी पृथ्वी सापडते, पण तिथं चालू असतं १४९२ साल. मग काय, राणी इझाबेला आणि कोलंबसाशी त्याची गाठ पडते. एका गोष्टीत तर तो एका वयस्कर आत्याबाईंना प्रवासवर्णन ऐकवतो. त्यांना शेवटपर्यंत वाटत असतं, की हा गृहस्थ पृथ्वीवरच्याच कुठल्यातरी लांबच्या देशाबद्दल बोलतोय.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या ग्रहावर माणसं मरतात, पण जातच नाहीत! पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचेही पणजोबा, सगळे तिथंच. आणि त्यांचा एकच हट्ट, की काहीही बदलायचं नाही. नवीन काही करू द्यायचं नाही. मग जिवंत माणसांनी करायचं तरी काय? वाचताना मी खो खो हसले. पुस्तक मिटल्यावर मात्र बराच वेळ विचार करत बसले.

आमच्या कॉलनीत आम्ही चारपाच जणी मिळून शनिवारचं बालवाचनालय चालवतो. दोन कपाटं, एक सतरंजी आणि नोंदींची वही, एवढाच पसारा. एका शनिवारी सातवीतल्या एका मुलीबरोबर तिचे बाबा आले. मुलीनं हातात धरलेलं पुस्तक त्यांनी चाळलं आणि अगदी सौम्यपणे मला म्हणाले, “ताई, हिला जरा उपयोगाचं काहीतरी द्या ना. हे ग्रह, राक्षस, जादूचे राजे... यातून मिळतं काय? पुढच्या वर्षी स्कॉलरशिपची परीक्षा आहे.” मुलीनं मान खाली घातली.

बाबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मुलांची काळजी असते म्हणूनच आईवडील असं विचारतात. पण ‘यातून मिळतं काय?’ या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर पुस्तकी नाही. ते अर्जेंटिनाच्या इतिहासातलं आहे.

२४ मार्च १९७६ रोजी तिथल्या सैन्यानं सरकार उलथवलं आणि सत्ता हातात घेतली. पुढची सात वर्षं फार वाईट गेली. सरकारविरुद्ध बोलणारी, किंवा तसा नुसता संशय असलेली माणसं पकडून नेली जात आणि त्यांचा पुढे पत्ताच लागत नसे. अशा ‘बेपत्ता’ झालेल्यांचा आकडा तिथल्या मानवाधिकार संघटना ३०,००० सांगतात. परग्रहावरून झालेल्या हल्ल्याची प्रसिद्ध चित्रकथा लिहिणारे एक्तोर ओएस्तेरेल्द यांना १९७७ मध्ये असंच पकडून नेलं. ते परत आले नाहीत.

आणि त्या हुकूमशहांची नजर मुलांच्या पुस्तकांवरही होती, बरं का! एल्सा बोर्नेमान या लेखिकेच्या पुस्तकात सर्कशीतला एक हत्ती संप करतो. १९७७ मध्ये त्या पुस्तकावर बंदी! लाउरा देवेताच यांच्या ‘ठोकळ्यांचा मनोरा’ या अर्थाच्या नावाच्या गोष्टींच्या पुस्तकावर १९७९ मध्ये बंदी आली. सरकारी आदेशात जी कारणं दिली होती, त्यातलं एक कारण असं, की या पुस्तकात कल्पनाशक्तीला काही मर्यादाच नाही!

बघा हं! आपल्याकडचे काही लोक म्हणतात, कल्पनेतल्या गोष्टींचा काही उपयोग नाही. पण रणगाडे आणि बंदुका जवळ असलेले ते सेनाधिकारी संप करणाऱ्या हत्तीला घाबरले. निरुपयोगी वस्तूला कुणी घाबरतं का? त्यांना नीट कळलं होतं, की ‘असंही असू शकतं’ हे ज्या मुलाला सुचतं, ते मूल उद्या ‘मग हे असंच का?’ हेही विचारणार.

कॅफेत बसून गप्पा मारणारा त्राफाल्गार याच काळात वाचकांसमोर आला. मेलेली माणसं जिवंतांवर सत्ता गाजवतात तो ग्रहही याच काळातला. आणि ‘काल्पा इम्पेरिआल’चा पहिला भाग आला १९८३ मध्ये, ज्या वर्षाच्या डिसेंबरात लष्करी राजवट संपली. दुसरा भाग आला १९८४ मध्ये.

या पुस्तकात ना यानं आहेत, ना मोठमोठे चेटके. आहे तो एक कथेकरी. आपल्या कीर्तनकारबुवांसारखा तो लोकांपुढे उभा राहतो आणि सांगायला लागतो. सम्राट किती प्रकारचे! शहाणे, विक्षिप्त, क्रूर, भित्रे. एका गोष्टीत साम्राज्य पार मोडून पडलेलं असतं. माणसं पडक्या भिंतींच्या आडोशाला राहतात, जुनं वैभव कुणालाही आठवत नाही. त्यांच्यातला बिब नावाचा एक चौकस पोरगा हिंडत हिंडत एका उजाड राजवाड्यात शिरतो. तिथं त्याला सिंहासन दिसतं. ते कशासाठी असतं हे त्याला ठाऊकच नसतं, म्हणून तो सरळ त्यावर बसून बघतो! पुढे तोच सम्राट होतो. दुसऱ्या एका गोष्टीत अगदी गरिबीतून वर आलेली एक बाई सम्राज्ञी होते आणि एका कथेकऱ्याला बोलावून म्हणते, मला या साम्राज्याचा इतिहास शिकव. राज्य चालवायचं तर आधी गोष्टी माहीत हव्यात, हे त्या बाईला पक्कं समजलेलं असतं.

या सगळ्या गोष्टींत मला एक जाणवलं. सम्राट येतात आणि जातात. राजघराणी बुडतात, शहरं ओस पडतात. पण प्रत्येक वेळी कुणीतरी उरतं, जे म्हणतं, “ऐका, काय झालं ते मी सांगतो.” अर्जेंटिनाचं नाव पुस्तकात कुठंही नाही. तरीही ज्यांनी ती सात वर्षं काढली होती, त्यांना सत्तेनं मातलेल्या राजांची ओळख वेगळी करून द्यायची गरज नव्हती.

या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये आलं. भाषांतरकार कोण असतील? उर्सुला ले ग्विन! ‘अर्थसी’च्या जादूगाराची गोष्ट लिहिणाऱ्या जगप्रसिद्ध अमेरिकन लेखिका. स्वतःची एवढी पुस्तकं असताना त्यांनी दुसरीचं पुस्तक आपल्या भाषेत आणायचे कष्ट घेतले. त्या पुस्तकामुळेच रोसारिओच्या आंखेलिकाबाई माझ्यापर्यंत पोचल्या. २०११ मध्ये त्यांना जीवनगौरवासाठीचा जागतिक फँटसी पुरस्कार मिळाला. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांच्या लाडक्या रोसारिओतच त्या गेल्या.

आता त्या सातवीतल्या मुलीचं काय झालं? मी बाबांशी वाद घातला नाही. दोघांनाही सतरंजीवर बसवलं आणि न जाणाऱ्या पणजोबांच्या ग्रहाची गोष्ट सांगितली. बाबा घड्याळ बघत बघत का होईना, शेवटपर्यंत बसले. जाताना मुलीच्या पिशवीत दोन पुस्तकं होती, एक स्कॉलरशिपच्या तयारीचं आणि एक तिच्या आवडीचं.

पुढच्या शनिवारी ती वही घेऊन आली. तिनं स्वतःचा ग्रह तयार केला होता. तिथं जी गोष्ट गाइडमध्ये छापलेली नाही, ती नाहीशी होते. आधी शाळेमागची चिंच गेली, मग आजीच्या ओव्या गेल्या, मग एक दिवस गल्लीतला मोत्या कुत्रा दिसेनासा झाला. आणि तिथंच तिनं गोष्ट थांबवली होती.

“मोत्याचं पुढे काय झालं?” मी विचारलं.

“बाबापण रोज तेच विचारतायत,” ती म्हणाली. “त्यांना सांगितलंय, पुढचं पान लिहून झालं की वाचून दाखवीन.”

दोस्तांनो, तुमच्या ग्रहावर काय काय चालतं? सुट्टीच्या दिवशी एक पान लिहून काढा. आणि घरात मोठ्यानं वाचा बरं का!