चाळीस पाइंटांचा संसार

पासष्टाव्या वाढदिवसाला माणसाला काय भेट द्यावी याचे आपल्याकडे काही संकेत आहेत. मफलर द्यावा, चष्म्याचं घर द्यावं, फारच आदर उफाळून आला तर ज्ञानेश्वरीची प्रत द्यावी. आमच्या चिरंजीवांनी एडिंबराहून लेस्टरला पोस्टानं बिअर पाठवली. म्हणजे तयार बिअर नव्हे. बिअर करायचं सामान. झाकणाची एक भली मोठी प्लॅस्टिकची बादली, एक पत्र्याचा डबा, एक रबरी नळी, काचेचं काहीतरी थर्मामीटरसारखं, आणि एक चमचा, जो पाहून आमच्या सौ.ला तिच्या लग्नातल्या आचाऱ्याची आठवण झाली. वर चिठ्ठी : 'बाबा, आता तुम्हाला वेळ आहे. करून बघा. नाताळात येतो, तेव्हा पिऊ.'

त्या 'पिऊ'मधल्या अनेकवचनानं माझी झोप उडाली.

त्याचं असं झालं होतं, की हाच मुलगा सतरा वर्षांचा असताना एका शनिवारी तोंडाला बिअरचा वास घेऊन घरी आला. मी त्याला जिन्यातच उभा करून पाऊण तास बोललो. त्या भाषणात आमचे आजोबा, घराण्याची अब्रू आणि दारूपायी सातारचं घर विकून बसलेले एक चुलते, असे सगळे येऊन गेले. मी स्वतः दर शुक्रवारी ऑफिसातल्या मंडळींबरोबर पबात अर्धा पाइंट घेत होतो, एवढा एक मुद्दा मात्र भाषणात राहून गेला. तेव्हापासून वीस वर्षं आम्ही बापलेक हवापाणी, क्रिकेट आणि मोटारीचा विमा सोडून कशावरही बोललेलो नव्हतो.

डबा उघडण्याआधी मराठी माणसाला येतो तोच विचार मला आला : पोलीस. मी ज्या राज्यात वाढलो तिथं १९४९ चा दारूबंदी कायदा. तिथं प्यायलासुद्धा परवाना लागतो, तर घरात दारू करणाऱ्याचं काय होत असेल! चौकशी केली तेव्हा कळलं, की इंग्लंडातही पूर्वी घरी बिअर करायला परवाना लागे; १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. आता घरच्यापुरती हवी तेवढी करा, फक्त विकायची नाही. माझी बिअर विकत कोण घेणार, हा प्रश्न सौ.नं विचारला, मॉडलिंगसाहेबांना तो सुचला नसावा.

कागदावरच्या सूचना वाचल्या तर पहिली दीड पानं नुसती स्वच्छतेवर. बादली धुवा, जंतुनाशकात बुडवा, पुन्हा धुवा; चमचा धुवा; धुतलेल्या चमच्याला हात लागला तर पुन्हा धुवा. आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा आम्ही पोरं तिला हसायचो. पन्नास वर्षांनी, तेही बिअर करताना, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सौ.ला ओरडलो, "शिवू नकोस!" तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते आजीनं पाहिलं असतं तर तिला मोक्ष मिळाला असता.

बाकी कृती शिऱ्याहून सोपी. डब्यात काकवीसारखा काळा, दाट, कडवट वासाचा माल्टचा अर्क. डबा गरम पाण्यात ठेवून तो सैल करायचा, बादलीत ओतायचा, त्यावर साडेतीन लिटर उकळतं पाणी, एक किलो साखर, ढवळायचं, आणि गार पाण्यानं तेवीस लिटरची खूण गाठायची. तेवीस लिटर म्हणजे चाळीस पाइंट. मग वीस अंशांपर्यंत निवलं, की यीस्टची पुडी भुरभुरायची आणि झाकण लावायचं. तेवीस लिटर भरलेली बादली उचलायची कशी, हे मात्र कागदात नाही.

आणि ती ठेवायची कुठं? सूचनेत लिहिलं होतं, उबदार जागी. आमच्या घरात नोव्हेंबरात उबदार जागा एकच : जिन्यावरचं, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. तिथं टॉवेल, चादरी असतात. आणि तीस वर्षं तिथं आमच्या सौ.चं इडलीचं पीठ फुगतं, विरजण लागतं. या देशातल्या आपल्या कितीतरी घरांत इडली फुगते ती या कपाटाच्या कृपेनं. बादली आत गेली आणि पीठ बाहेर आलं. त्या शनिवारच्या इडल्यांविषयी मी काही बोललो नाही. भिंतीवर मारल्या असत्या तर भिंतीला पोचा आला असता.

पहिले तीन दिवस कपाटातून 'बुड्... बुड्' असा आवाज येत होता. यीस्ट साखर खातं, दारू करतं आणि वायू सोडतं. तो झाकणावरच्या नळीतल्या पाण्यातून बाहेर पडतो. रात्री जाग आली, की मी तो आवाज ऐकत पडायचो. चौथ्या दिवशी तो बंद पडला. काचेचं ते थर्मामीटर म्हणजे हायड्रोमीटर, आपल्या गवळ्याला धाक दाखवायच्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. सुरुवातीला त्यानं १.०४० दाखवलं होतं, ते १.०१० च्या आसपास उतरायला हवं. माझं १.०२२ वर बसलं ते उठेना. मी कागद तीनदा वाचला. शेवटी सौ. आली, बादलीला पालथा हात लावला आणि म्हणाली, "अहो, थंडी लागलीय याला. तुम्ही टाकी बंद केलीत ना, बिल वाचवायला?"

केली होती.

बव्हेरियात १५१६ साली बिअरचा कायदा झाला. त्यात पाणी, सातू आणि हॉप्स एवढीच नावं आहेत, यीस्टचा पत्ताच नाही. १८७६ साली पाश्चरनं त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. सौ.नं यातलं काही वाचलेलं नाही. तिनं आईनं शिवलेली गोधडी आणली, बादलीला गुंडाळली, टाकी चालू केली आणि बादली हलकेच झुलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी 'बुड्'! आठवडाभरात १.०१०. हिशेबानं सुमारे चार टक्के दारू.

पुढची चूक सर्वस्वी माझी. बाटलीत भरताना फेस यावा म्हणून प्रत्येक पाइंटला अर्धा चमचा साखर घालायची असते. इंग्रजांचा अर्धा चमचा म्हणजे सपाट, सुरीनं निपटलेला. आमच्या घरात पाहुण्याच्या चहात अर्धा चमचा साखर घालायची कुणाची छाती नाही. मी हात सैल सोडला. शिवाय बाटल्या काचेच्या, सौ.नं वर्षानुवर्षं जमवलेल्या. पुन्हा त्याच कपाटात ठेवल्या.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पहाटे पाचला पहिला बार झाला. सौ. म्हणाली, "चोर!" दुसऱ्या बाराला मी म्हणालो, "बिअर." एकूण चार फुटल्या. टॉवेल, चादरी, जिना, सगळं न्हाऊन निघालं. आणि त्याच संध्याकाळी हळदीकुंकवाला अकरा बायका यायच्या होत्या. उदबत्तीचे दोन पुडे संपले. तरी एकीनं नाकपुड्या फुलवल्याच. "यांनी जिना पुसायचं नवीन औषध आणलंय," सौ.नं चेहरा न हलवता सांगितलं. त्यांतल्या दोघींनी औषधाचं नाव विचारून घेतलं म्हणे. मी त्या वेळी मागच्या खोलीत अंगावर जाड कोट, डोळ्यांवर चष्मा आणि हातात फडकं घेऊन उरलेल्या बाटल्यांची झाकणं एकेक करून सैल करत होतो.

नाताळात चिरंजीव आले. जेवणाआधी मी दोन ग्लास मांडले. हात थोडे कापत होते, ते वयामुळे असं मी ठरवलं. ओतली तर पाऊण ग्लास फेस. त्यानं वास घेतला, एक घोट घेतला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"बाबा, साखर किती घातलीत?"

"अर्धा चमचा."

"आपला अर्धा?"

"आपला."

तो हसायला लागला. म्हणाला, "कॉलेजात असताना माझ्या अकरा फुटल्या होत्या. तुम्हाला सांगायची सोय नव्हती." मग मी, आता फेसही बसत आला होता म्हणून, त्याला शुक्रवारच्या अर्ध्या पाइंटचं सांगून टाकलं.

"माहितीय," तो म्हणाला. "आईनं तेव्हाच सांगितलं होतं. त्याच रात्री."

सौ. भज्यांची ताटली घेऊन आली. वीस वर्षांत आपण काही बोललो असल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तिनं माझ्या ग्लासातला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास परत ठेवला.

"गाडीत अजून एक डबा आहे," चिरंजीव म्हणाले. "उद्या लावू या का?"

"लावा," सौ. म्हणाली. "कपाटात पिठाला जागा ठेवा. आणि साखर या खेपेला मी घालीन."