आमच्या फिरत्या घराचा मेस्त्री

मैत्रिणींनो, शिंपी, सोनार आणि डॉक्टर ही तीन माणसं बाईनं स्वतः पारखून घ्यावीत, असं माझी आई म्हणायची. गाडीचा मेस्त्री तिच्या यादीत नव्हता. तो पुरुषांचा प्रांत. मीही लग्नाला चौदा वर्षं होईपर्यंत कधी गॅरेजच्या दारात उभी राहिले नव्हते. पण घरालाच चाकं असली म्हणजे काय करायचं?

थट्टा नाही हं. आमच्याकडे खरंच चाकांवरचं घर आहे. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन २०२१ साली झालं. तेव्हापासून एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही आणि मोटारीत तासभर पाय मुडपून बसलं की उतरताना डोळ्यांत पाणी येतं. त्यांचं माहेर देवरुखजवळ. थोरले भाऊ शहाऐंशी वर्षांचे, त्यांनाही प्रवास नाही. बहीणभावांची भेट २०१९ नंतर झालीच नव्हती. अशात २०२२ मध्ये पुण्याच्या एका गृहस्थांनी आपली गाडी विकायला काढली. मूळची २०१८ सालची ट्रॅव्हलर. आत दोन बिछाने, छोटा फ्रिज, ओटा, कमोड, पाण्याची टाकी, टपावर सोलर. ह्यांनी बँकेतून कर्ज काढलं, माझी एक मुदतठेव मोडली, आणि गाडी कोल्हापुरात आली. एक शहाणपणा मात्र आम्ही केला. आर.सी. बुक नीट वाचून घेतलं. गाडीत असे बदल करायचे तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर.टी.ओ.ची परवानगी लागते. ती नोंद नसेल तर उद्या अपघात झाल्यावर विम्याची कंपनी हात वर करायला मोकळी. आधीच्या मालकांनी ती नोंद करून घेतली होती. तुम्हांपैकी कुणाच्या मनात अशी हौस असेल तर पडद्यांचा रंग नंतर बघा, हे आधी बघा.

पहिली दोन वर्षं जवळच्या फेऱ्या झाल्या. ज्योतिबा, नरसोबाची वाडी, एकदा पंढरपूर. कोकणाचं पुढे पुढे ढकललं जात होतं. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही निघालो. सासूबाईंनी भावासाठी गुळाची ढेप घेतली होती. मलकापूर सोडलं, आंबा गाव मागे टाकलं, घाट नुकता लागला, आणि काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला. मला वाटलं आतली वायर. ह्यांना वाटलं पुढचा ट्रक. दुसऱ्या वळणानंतर मागच्या उजव्या चाकातून धूरच दिसला.

रुंद जागा बघून गाडी थांबवली. मी पाण्याची बादली घेऊन धावले, तेवढ्यात मागून आलेल्या एका ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "ताई, पाणी मारू नका! तापलेला ड्रम तडकंल." तो खाली उतरला, चाकाजवळ हात नेऊन बघितला आणि म्हणाला, "आजी हाईत गाडीत. खाली उतरू नका." दीड तास गाडी निववली. त्याच्याच क्लीनरनं मागेपुढे करून वळवून दिली. सासूबाई तोवर खिडकीशी बसून होत्या. तिथून खाली कोकण दिसतं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर गुळाची ढेप त्यांनी गुपचूप फडताळात ठेवून दिली.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, विकून टाकू या. ह्यांचं म्हणणं, विकायची तर दुरुस्त करूनच विकावी लागेल. मग दुरुस्ती कुठे, यावर आमच्याकडे आठ दिवस खल चालला.

दिरांचं मत पडलं, ज्यानं घर बांधलं त्यालाच बोलवा. म्हणजे पुण्याचा बॉडीवाला. त्याला फोन लावला. माणूस गोड बोलला. आतलं सगळं करून देतो म्हणाला, टपावरची झडप गळते तीही. पण ब्रेक, इंजिन आमच्याकडे नाही, आणि गाडी पंधरा दिवस ठेवावी लागेल. ब्रेक बिघडलेली गाडी सव्वादोनशे किलोमीटर न्यायची, ती ब्रेक सोडून बाकी सगळं करून घ्यायला!

ह्यांचं मत, कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथे काचेची खोली, थंडगार हवा, चहा. टेबलामागच्या मुलानं गाडीचा नंबर संगणकात घातला आणि म्हणाला, "सर, सर्व्हिसिंग जूनमध्येच झालंय. त्यानंतर गाडी जेमतेम अडीचशे किलोमीटर चाललीय. ब्रेकचं काम इतक्यात येत नाही." मी म्हटलं, अहो, धूर आला! तो म्हणाला, "घाटात ब्रेक जास्त वापरला असेल मॅडम." घाट तर आम्ही दोन वळणं उतरलो होतो. शिवाय आतला सिलिंडर काढून आणा, आतल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही, असंही बजावलं. यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सिलिंडर असलेली गाडी वर्कशॉपात कोण घेईल? पण जूनच्या बिलावर 'ब्रेक तपासले' असं छापलेलं होतं, आणि त्यापुढची बरोबरची खूण मला राहून राहून डोळ्यांपुढे येत होती. मी शिक्षिका आहे. न वाचता केलेली बरोबरची खूण कशी दिसते ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. त्याच आठवड्यात आठवीचे निबंध तपासत होते, विषय 'माझे वडील'. तुम्हांला कल्पना असेल, सगळे वडील कष्टाळू आणि सगळे प्रेमळ. पण एका मुलानं लिहिलं होतं, की माझ्या बाबांचं उद्यमनगरात गॅरेज आहे, बाबा काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला परत देतात, आई म्हणते भंगारात घातला तर चार पैसे येतील, पण बाबा ऐकत नाहीत. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी त्याला दहापैकी आठ दिले.

ह्यांना सांगितलं तर हे हसले. "निबंधावरून गाडी द्यायची?" मी म्हटलं, "कापडाचा उरलेला तुकडा परत देतो तो शिंपी आपण धरून ठेवतोच ना?" कोल्हापूरच्या वाचकांना उद्यमनगराबद्दल सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, की तिथल्या गल्ल्यांतून लेथचा आवाज दिवसभर असतो, आणि शेतातल्या इंजिनापासून ट्रकपर्यंत काहीही तिथे दुरुस्त होतं. गाडी हळूहळू, मोकळ्या रस्त्यानं, ह्यांनीच नेली. मी बरोबर गेले. ते ह्यांना फारसं आवडलं नव्हतं.

मेस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा, "किती दिस हुबी हुती गाडी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जूनपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे अख्खा पावसाळा, गाडी दिरांच्या गोदामामागे उघड्यावर होती.

"हँडब्रेक वडून?"

अर्थातच. जागा उताराची.

"वैनी, गाडी चालून न्हाई बिघडली. हुबी ऱ्हाऊन बिघडलीया."

त्यांनी जॅक लावून एकेक चाक उचललं आणि हातानं फिरवलं. तीन चाकं फिरली. मागचं उजवं जागचं हललं नाही. ड्रम उघडला तर आत गंज. ओढलेल्या ब्रेकचे लायनर चार महिन्यांच्या ओलीत ड्रमला चिकटले होते, आणि त्यांना दाबणाऱ्या सिलिंडरातलं पिस्टन गंजून अडकलं होतं. म्हणजे ह्यांनी पाय काढला तरी त्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. कोल्हापूरपासून आंब्यापर्यंत तो घासत, तापत आला होता. तसेच घाट उतरलो असतो तर उष्णतेनं ब्रेक ऑइल उकळून पायाखालचा ब्रेक पोकळ झाला असता, हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मी सासूबाईंना ते अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मला उलगडलं, की काचेच्या खोलीतला मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याचा संगणक किलोमीटर मोजतो. रोज भाडं मारणाऱ्या गाडीला ते ठीक. आमची गाडी वर्षातले दहा महिने उभी. तिचं वय महिन्यांनी मोजायला हवं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून गाडी चालो न चालो, ते दोन वर्षांनी बदलायचं. टायरवरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेला बारीक भेगा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. आमच्यावर २३१८ होतं, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. हे आकडे आता मी शेजाऱ्यांच्या गाड्यांवरही वाचत असते. मुलं लाजतात.

मेस्त्री गाडीपासून दहा पावलं मागे गेले आणि म्हणाले, "उजवीकडं कलतीया. काट्यावर घालून बघा." मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी घातली, मग फक्त उजवी चाकं. उजवी बाजू डावीपेक्षा दीडशे किलोंनी जड! टाकी उजवीकडे, फ्रिज उजवीकडे, आतली बॅटरी उजवीकडे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मी शाळेत मुलांना सांगते, आणि शंभर लिटर पाणी भरून घाट उतरायला निघते! आता टाकीत बादलीभर पाणी ठेवतो आणि मुक्कामावर गेल्यावर भरतो. बॅटरी डाव्या बिछान्याखाली गेली.

ती हलवताना आणखी एक गोष्ट कळली. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता, आणि पत्र्याच्या कडेवरून वायर नुसती वाकवून नेलेली. धक्क्यांनी तिचं आवरण घासून तांबं दिसायला लागलं होतं. हे काम मेस्त्रींनी स्वतः केलं नाही. "आतलं वायरिंग आपलं न्हाई," म्हणाले, आणि बसची बॉडी बांधणाऱ्यांकडच्या एका वायरमनचं नाव सांगितलं. इंजिनाचा दिवा लागला तर मात्र कंपनीतच न्या, ते मशीन माझ्याकडे नाही, हेही आपणहून सांगितलं. खरं सांगते, मेस्त्री मला पसंत पडले ते या दोन 'न्हाई'मुळे. पार्टसुद्धा त्यांनी आम्हांलाच कंपनीच्या दुकानातून आणायला लावले. बिलं तुमच्याकडे राहू देत, म्हणाले.

राहिला गॅस. तो कुणीच करेना. आमच्या एजन्सीचा मेकॅनिक येऊन बघून गेला. घरातली नळी मी बदलीन, गाडीतल्या शेगडीला हात लावणार नाही, म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की तळाशी साचून राहतो, आणि आमच्या सिलिंडरच्या कपाटाला खाली बाहेर जायला एक भोकसुद्धा नव्हतं. वर बिछाना, बिछान्यावर सासूबाई! पुण्याहून निरोप आला, भोक पाडून देऊ. मी आणि हे यावर भांडलो. हे म्हणत, घर म्हणायचं आणि चूल नाही? मी म्हटलं, ज्या कामाला जबाबदार माणूस मिळत नाही ते काम गाडीत ठेवायचं नाही. शेगडी, नळी, सिलिंडर, सगळं उतरवलं. मुक्कामाला वीज मिळेल तिथे इंडक्शन, वाटेत दशम्या आणि चटणी. ह्यांचा चहा मात्र टपरीवर, आणि त्याबद्दल ते अजून कुरकुरतात.

टपाची झडप तेवढी पुण्याच्या बॉडीवाल्याकडून सीलंट मागवून दिरांनीच बसवली. ब्रेक, दोन टायर, वायरिंग मिळून एकतीस हजार आठशे रुपये झाले. माझी भिशी फेब्रुवारीत लागायची होती, ती मैत्रिणीशी बदलून डिसेंबरात घेतली. मेस्त्रींनी गाडी देताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं ह्यांच्या नाही, माझ्या हातात दिलं. गंजलेला सिलिंडर आणि लायनरचे तुकडे. "बाई, पोराच्या निबंधाला आठ दिलात," म्हणाले. मी म्हटलं, दोन शुद्धलेखनाचे कापले.

आता एका वहीत तारखा लिहिते. गाडी उभी करताना हँडब्रेक नाही. गियरमध्ये टाकून चाकाला दोन्ही बाजूंनी दगड, आणि तीही सपाट जागी, पत्र्याखाली. पंधरा दिवसांतून एकदा हे तिला रंकाळ्यापर्यंत फिरवून आणतात.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा निघालो. आंबा घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरलो, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. त्याच रुंद जागेवर थांबलो. ह्यांनी चारी चाकांजवळ हात नेऊन बघितला, मग मीही बघितला. चारी सारखीच कोमट. सासूबाई म्हणाल्या, "झालं का तुमचं? चला आता."

दुपारी देवरुखच्या पुढे गाडी अंगणापाशी लागली. मामा काठी टेकत बाहेर आले. बहिणीला उतरवून घ्यायच्या आधी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दारातून आत डोकावले, बिछाना बघितला, मोरी बघितली.

"घर म्हणतेस याला, मग चूल कुठाय गं?"

"तुझ्याकडे, दादा," सासूबाई म्हणाल्या, आणि गुळाची ढेप त्यांच्यापुढे धरली.